एका कासवाच्या निमित्ताने

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही पंडित नाही. आमची उमेदीची वर्षं गिरणीच्या साचेखात्यात गेली. वाचायची गोडी लागली ती ह्याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांमुळे. दरवर्षी आम्ही शिक्षणावर बोलतो, चळवळीवर बोलतो, नाहीतर गिरणी कामगारांच्या घरांवर बोलतो. यंदा समितीने विचारलं, "पत्रिकेत विषय काय छापू?" आम्ही म्हणालो, "कासव छापा." मंडळी हसली. पण आपल्या गच्चीवर जे कासव आहे, त्याच्यावरून वस्तीत इतकी चर्चा झाली आहे की एकदा सगळं नीट सांगितलेलं बरं.

हकीकत अशी. बाजूच्या इमारतीतलं एक बिऱ्हाड दुसरीकडे राहायला गेलं. खोली बंद झाली आणि बाहेरच्या गॅलरीत, जुन्या सामानाच्या मागे, एक काचेचं गोल भांडं राहून गेलं. वर्गातल्या मुलांचा चेंडू तिकडे गेला, तेव्हा त्यांना ते दिसलं. भांड्यात चार बोटं पाणी, तेही हिरवं आणि कुबट वासाचं. त्यात एक कासव. आपल्या तळहाताहून थोडं मोठं, म्हणजे पाठ पाच इंचांची. भांडं इतकं अरुंद की त्याला वळता येत नव्हतं. डोळे सुजून मिटलेले. पाठीचं कवच कडेने बोटानं दाबलं तर दबत होतं. पाण्यात पावाचे तुकडे आणि भाताची शितं कुजत पडली होती. म्हणजे कुणीतरी येता-जाता त्याला खायला टाकत होतं. दया नव्हती असं नाही. दया होती, व्यवस्था नव्हती.

त्या बिऱ्हाडाचं नाव कुणी विचारू नये. पोरानं हट्ट केला, बाजारात पन्नास पैशांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, हिरवंगार पिल्लू दिसलं, घेऊन दिलं, असंच बहुतेक घरांत होतं. विकणारा सांगतो, "एवढंच राहतं, काही लागत नाही." ही थाप आहे, आणि तिच्याबद्दलच आम्हाला बोलायचं आहे.

मुलं ते भांडं घेऊन विहारात आली आणि तिथे तीन मतं पडली. एक म्हणाले, बुद्धपौर्णिमा जवळ आली आहे, तलावात सोडून द्या, एका जीवाला मुक्ती मिळेल. दुसरे म्हणाले, कासव घरात असणं शुभ असतं, आम्ही नेतो. तिसरे म्हणाले, मरायला टेकलंच आहे, उगाच खटपट कशाला? आम्ही म्हटलं, आधी हे कोण आहे आणि त्याला काय झालंय ते जाणकाराला विचारू. परळचं बैलघोड्याचं हॉस्पिटल आपल्या वाडवडिलांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. जनावराचा डॉक्टर असतो, हे गिरणगावातल्या माणसाला सांगावं लागत नाही. कासवाचंही औषधपाणी होतं, हे मात्र पुष्कळांना नवीन होतं. भाजीच्या टोपलीत ओलं फडकं घालून त्याला एका पशुवैद्यांकडे नेलं.

ते म्हणाले, हे आपल्याकडचं कासव नाही. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हे अमेरिकेचं कासव. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. तिथे त्याची शेती होते आणि लाखोंनी पिल्लं जगभर विकायला जातात. तेच हे पिल्लू मोठं झालं, मादी असली तर, की दहा-बारा इंचांचं होतं, आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगतं. "एवढंच राहतं" म्हणणाऱ्याच्या बोलण्यात किती तथ्य होतं ते तुम्हीच ठरवा.

डोळे का सुजले? पाव-भातावर राहून 'अ' जीवनसत्त्व मिळालं नाही. डोळे मिटले की खाणं दिसत नाही, दिसत नाही म्हणून ते खात नाही, आणि खात नाही म्हणून आणखी खंगतं. कवच मऊ का पडलं? चुना, म्हणजे कॅल्शियम, पोटात गेलं नाही आणि ऊन अंगावर पडलं नाही. आपल्या हाडांना जे लागतं तेच त्यालाही लागतं. कवच म्हणजे वरून घातलेलं चिलखत नव्हे. त्याचा कणा आणि बरगड्याच त्या कवचात जोडलेल्या असतात, त्याला रक्त असतं, वेदना असते. पाठीवर रंग फासणारे आणि भोक पाडून दोरी बांधणारे लोक हे ध्यानात घेत नाहीत.

आपण धम्मवर्गात संयुत्त निकायातला कासवाचा दृष्टांत सांगतो. कोल्हा समोर आला की कासव पाय आणि मान आत घेतं, तसं माणसानं इंद्रियांना आवरावं. दृष्टांत थोर आहे. पण त्या काचेच्या भांड्यातलं कासव दिवसभर आत ओढून बसलेलं असायचं, तो संयम नव्हता, ती भीती होती. मुका जीव गप्प आहे म्हणजे तो सुखात आहे, असं समजू नये. १९२० साली बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाचं नाव 'मूकनायक' ठेवलं. गप्प बसलेल्याचंही काही म्हणणं असतं, हे ज्यांना त्या नावापासून कळत आलं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता तलावाचं. सोडून देण्यात पुण्य आहे असं ज्यांना वाटलं, त्यांचा हेतू चांगलाच होता. चीन, तैवान अशा देशांत बौद्ध मंडळी पुण्यासाठी प्राणी सोडतात, त्यात ही लाल पट्ट्याची कासवंही पुष्कळ सोडली गेली. झालं काय? ही कासवं तगडी आणि खादाड. उन्हात बसायच्या जागा आणि खाणं ती बळकावतात, रोगराई नेतात, आणि तिथल्या मूळच्या कासवांची पंचाईत होते. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांची यादी शास्त्रज्ञांनी केली आहे, तिच्यात हे कासव आहे. युरोपीय देशांच्या संघाने १९९७ साली त्याची आयात बंद केली. आपल्याकडे डबक्यांत आणि भातखाचरांत राहणारं मऊ पाठीचं कासव आहे, तळ्यातलं काळं कासव आहे. आपल्या पुण्याचा भार त्यांनी का सोसायचा? शिवाय हे आजारी कासव तलावात टाकलं असतं तर ते आंधळ्यासारखं उपाशी मेलं असतं. आपल्या डोळ्यांआड मेलं असतं, एवढाच फरक.

दुसरं मत शुभाशुभाचं. भांड्यात कासव ठेवलं की पैसा येतो, वास्तुदोष जातो, असं सांगणारे आहेत. ह्याच्या पुढची पायरी म्हणजे "वीस नखांचं कासव". त्याच्यापुढे पूजा मांडली की पैशांचा पाऊस पडतो, असं सांगून लुबाडणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात पोलिसांनी पकडल्या आहेत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तरी हा धंदा संपलेला नाही. आपण घरातून सगळी कर्मकांडं बाहेर काढली आणि काचेच्या भांड्यातून ती परत आत घ्यायची, हे काही बरोबर नाही. कासवानं कुणाचं भाग्य उजळत नाही. आपल्या हातून त्याचं भाग्य मात्र बिघडू शकतं.

म्हणून आम्ही चौथी वाट धरली. त्याला घर करून द्यायचं.

इथे आमचा गिरणीतला अनुभव कामाला आला. साचेखात्यात हवा दमट ठेवावी लागते, नाही तर सूत तटातट तुटतं. दमटपणा किती, उष्णता किती, सगळं मोजून. सुतासाठी मालक हवा मोजत होता आणि त्याच खात्यात उभ्या माणसाची छाती कुणी मोजत नव्हतं, हा भाग निराळा. पण एक गोष्ट आम्ही तिथे शिकलो. ज्याला जे लागतं ते अंदाजानं नाही, मोजून द्यायचं.

तर कासवाला काय लागतं? पहिलं पाणी. पाळणारे जाणकार हिशेब सांगतात की पाठीच्या दर इंचाला साधारण अडतीस लिटर. पाच इंचांच्या कासवाला म्हणजे जवळजवळ दोनशे लिटर. त्या भांड्यात दोन लिटर नव्हतं. पाण्याची खोली त्याच्या लांबीपेक्षा बरीच जास्त हवी, त्याला पोहता आलं पाहिजे आणि उलटं झालं तर सुलटं होता आलं पाहिजे. भंगारवाल्याकडे पाचशे लिटरची तडा गेलेली काळी टाकी होती. ती आडवी कापली, खालचा अर्धा भाग घेतला. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन, म्हणून ती गच्चीच्या मधोमध न ठेवता खाली भिंत आणि तुळई आहे त्या बाजूला ठेवली.

दुसरं, कोरडी जागा. हे कासव पाण्यातलं असलं तरी चोवीस तास पाण्यात राहू शकत नाही. बाहेर येऊन अंग पूर्ण वाळवावं लागतं, नाही तर कवचाला बुरशी धरते. विटा रचून त्यावर खडबडीत फरशी ठेवली आणि चढायला उतरती फळी. गुळगुळीत लादी ठेवू नका, पाय घसरतात.

तिसरं, ऊन. थेट ऊन. खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही, कारण हाडं घट्ट करणारे किरण काच अडवते. पण ऊन म्हणजे भट्टी नव्हे. लहान भांडं उन्हात ठेवलं तर पाणी बघता बघता तापतं आणि आतला जीव शिजतो. आपली टाकी काळी, ती तर जास्तच तापणार. म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळलं आणि अर्ध्या टाकीवर हिरव्या जाळीची सावली केली. ज्याला ऊन हवं तो उन्हात, नको तेव्हा सावलीत, ही निवड त्याची त्याला करता आली पाहिजे. पाणी चोवीस ते अठ्ठावीस अंशांवर असावं. मुलं थर्मामीटर बुडवून वहीत आकडा लिहितात. मुंबईच्या हवेत पाणी गरम करायचं यंत्र बहुतेक लागत नाही, नाशिक-नागपूरकडच्या थंडीत लागतं.

चौथं, संरक्षण. गच्चीवर कावळा, घार, मांजर, उंदीर सगळे आहेत. वर तारेच्या जाळीचं झाकण केलं. पावसात टाकी भरून वाहिली तर कासवही बाहेर येईल, म्हणून काठाखाली भोक पाडून त्याला जाळी लावली. गाळणीचा पंप लावला. त्याचा प्लग पाण्यापासून उंच आणि अर्थिंगचा आहे, हे आपल्याच वस्तीतल्या वायरमनने पाहून दिलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते रात्रभर उघड्या पिंपात ठेवून मग घालतो. काढलेलं पाणी गटारात जात नाही, ते आवारातल्या बोधिवृक्षाला आणि फुलझाडांना जातं. पाणीकपातीच्या दिवसांत कुणी बोट दाखवायला नको.

खाणं. पाव, भात, बिस्किट बंद. त्याच्यासाठी मिळणारे तयार दाणे, हिरवा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा, आणि आठवड्यातून एक-दोनदा काट्यासकट बारीक ताजी मासळी. खारवलेली सुकट नको. पालक रोज नको, तो चुना अंगी लागू देत नाही. टाकीत समुद्रफेणाचा तुकडा तरंगत ठेवतो, तो कुरतडून त्याला कॅल्शियम मिळतं. आणि खाणं पाण्यातच टाकायचं, ह्या कासवाला पाण्याबाहेर गिळता येत नाही. डोळ्यांचं औषध मात्र डॉक्टरांच्याच हातून. जीवनसत्त्वाचा डोस जास्त झाला तर कातडी सोलवटते, म्हणून घरगुती प्रयोग करू नयेत.

काही आठवड्यांनी त्याचे डोळे उघडले. मग स्वतःहून गाजर खाल्लं. पुढे कवचही हळूहळू घट्ट होत गेलं. पण कडेला जी वाकडी वाढ झाली ती तशीच राहणार. सुटका झाली म्हणून मागचं सगळं पुसलं जात नाही, हे आपल्या समाजाला कुणी सांगायला नको.

आता एक प्रश्न. एका तरुण मित्राने आम्हाला तोंडावर विचारला, आणि बरं झालं विचारला. "काका, गिरणी कामगारांना घरं नाहीत, सोडतीची वाट बघून माणसं गेली, आणि तुम्ही कासवाला घर बांधता?" त्याचा राग खरा आहे. त्याला आम्ही इतकंच म्हणालो. दहा बाय बाराच्या खोलीत एकेका गाळ्यावर वीस-वीस माणसं पाळीपाळीने झोपली, ती आपलीच होती. ज्याला वळायला जागा नाही त्याचं काय होतं, ते आपल्याला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. घरांच्या मोर्चाला आम्ही जातो आणि जाणार. कासवाच्या टाकीमुळे एकही मोर्चा चुकलेला नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणेच्याही पुढे मैत्री ठेवली आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जीवांसाठी. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याबरोबर त्यांच्या पालनाचीही जबाबदारी आहे. दया एका क्षणात येते. पालन म्हणजे दर रविवारी पाणी बदलणं. आम्हाला वाटतं, आपण पहिल्या शब्दावर थांबतो आणि दुसरा विसरतो.

दोन-तीन गोष्टी मातांनी विशेष ध्यानात ठेवाव्यात. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्यांनी जुलाब आणि ताप येतो. लहान मुलं ही पिल्लं तोंडात घालतात म्हणून अमेरिकेत १९७५ साली चार इंचांखालच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली. तेव्हा हात लावला की साबणाने हात धुवायचे, आणि त्याचं भांडं स्वयंपाकाच्या मोरीत धुवायचं नाही.

दुसरं कायद्याचं. आपल्या देशातली कासवं, मग ते पाठीवर चांदण्या असलेलं असो की मऊ पाठीचं, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०२२ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि चांदण्यांचं कासव आज पहिल्या अनुसूचीत आहे. डोळ्यामागे तांबूस खूण दिसली म्हणजे ते परदेशीच, असंही समजू नका. आपल्या उत्तरेकडच्या नद्यांतल्या काही कासवांनाही तशी खूण असते. शंका आली की वनखात्याला कळवा, स्वतः सोडू नका आणि लपवूही नका.

शेवटचं सांगतो. आम्ही पन्नाशी ओलांडली आहे. हे कासव आमच्यामागे उरण्याची शक्यता पुष्कळ आहे. म्हणून त्याची जबाबदारी कुणा एकाच्या नावावर ठेवलेली नाही. विहाराच्या फळ्यावर पाळीपत्रक लावलं आहे. रोज खाणं, रविवारी अर्धं पाणी बदलणं, महिन्यातून एकदा पाठ मोजून वहीत लिहिणं. आज त्यात नऊ मुलांची आणि चार मोठ्यांची नावं आहेत. मुलं मोठी होतील, नोकरीला लागतील, लग्न होऊन जातील. नव्या नावांची गरज लागत राहणार. कार्यक्रम संपल्यावर फळ्याजवळ पेन ठेवलेलं आहे.

आणि ज्यांच्या घरात असं भांडं असेल, त्यांनी संकोच न करता आम्हाला सांगावं. कुणी बोल लावणार नाही. टाकी कशी करायची ते आम्ही येऊन दाखवू, भंगारवाला ओळखीचा आहे. फक्त नवीन पिल्लू विकत घेऊ नका. एक घेतलं की दुकानदार त्याच्या जागी दुसरं मागवतो.

एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!